बिननावाच्या टेपा

मला कोणी विचारलं की जॅझ ऐकायचंय, कुठून सुरू करू, तर मी आधी गिअर बदलते. टेंपोत शेजारी बसलेलं माणूस हे विचारतंच. भिसेगावची पोरगी टेंपोत मंडपाचे बांबू भरून असलं कायतरी लावून फिरते म्हटल्यावर विचारणारच. मग मोबाइल काढतात, बोलतात, नाव सांग, शोधतो. मला नावं येत नायत. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांना पण येत नव्हती.

त्यांचं नाव कमाल. कुंभिवलीला हायवेच्या कडंला त्यांचं दुकान होतं, कमाल कुशन वर्क्स. ट्रकच्या, टेंपोच्या, रिक्षांच्या सीट शिवायचे. गेल्या साली त्यांचा मुलगा तल्हा त्यांना आणि हवाबीचाचीला पनवेलला घेऊन गेला. आता शटर खाली हाय, आणि शटरवर कोणीतरी प्लॉटच्या जाहिराती चिकटवल्यात. एकदा मी त्या सगळ्या नखांनी खरवडून काढल्या. आठवड्याने परत चिकटवल्या. तिथनं गेले की मी हॉर्न मारते. कोणी ओ देत नाय, तरी मारते.

पहिल्यांदा चाचांच्या दुकानात गेले तेव्हा टेंपो माझ्या हातात येऊन थोडेच दिवस झाले होते. आधी विकासदादा चालवायचा. त्याला खोपोलीला कंपनीत नोकरी लागली आणि टेंपो दारात उभा राहिला. मी नववीत शाळा सोडून घरात बसलेली, बसून बसून अंगाला मुंग्या यायच्या. बाबांना बोलले, विकू नका, मी चालवते. पण दादाने सीटला एका बाजूला खड्डा पाडून ठेवला होता आणि मी त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी. बसले की रस्ता कमी आणि स्टिअरिंगच जास्त दिसायचं.

चाचांनी सीट काढली, उलटी केली, फाडली, आतला काथ्या बाहेर ओढला आणि तोंड वाकडं केलं.

"हे कोणी भरलंय?"

"मला काय माहीत. कंपनीने."

"बस तिकडं. दुपार होईल."

दुकानात गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं होतं. वर फळीवर मोठा जुना टेपरेकॉर्डर आणि त्याच्या बाजूला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. चाचांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे शिंपी माप घेताना बघतो तसं बघितलं. उंच, वाळलेला माणूस, पांढरी दाढी, दाढीत रेक्झीनचे बारीक तुकडे अडकलेले.

"टेंपो तूच चालवतेस?"

"मग काय ढकलते?"

शेजारच्या पंक्चरच्या टपरीतनं कोणतरी मोठ्याने हसलं. तो वाल्मिककाका. खालापूरकडच्या गावातला, घरची भातशेती, गावच्या भजनात ढोलकी वाजवतो आणि दिवसभर इथं टायर खोलतो.

"कमालभाय," तो तिकडनंच ओरडला, "हिला भांडीवाली लाव."

"गप रं. हिला पायऱ्या."

मला वाटलं दोघं माझी मापं काढतायत. मी उठणारच होते. तेवढ्यात चाचांनी डब्यातनं एक टेप काढली, लावली आणि परत काथ्या पिंजायला बसले.

पियानो होता, आता कळतं. तेव्हा वाटलं कोणतरी घरात सामान हलवतंय.

"चाचा, हे गाणं कधी चालू होणार?"

"चालू हाय."

"मग गाणारा कुठं हाय?"

"नाय."

"मग हे वाजवणारे काय भांडतायत?"

चाचांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. "कर्जतच्या बाजारात गर्दी असते. तू सगळ्यांची तोंडं बघत चालतेस काय?"

"नाय."

"आपल्या माणसाच्या पाठीकडं बघत चालतेस. इथं पण तसंच. कोण पण एक धर, त्याच्या मागं चाल. हरवला तर दुसरा धर. आणि पहिल्या दिवशी आवडून घ्यायचं नाय. आवडलं आवडलं करणारं माणूस परत येत नाय. नुसतं सोबत चाल."

मला दुसरं काय काम नव्हतं. मी त्या पियानोवाल्याच्या मागं लागले. तो दोन पायऱ्या चढायचा, एक उतरायचा, मधेच जिन्यात थांबायचा, परत पळायचा. माझ्यासारखाच होता, एका जागी ठरत नव्हता. बऱ्याच वेळाने मला वाटलं, ही जागा मी बघितलीय.

"चाचा, हा मघाशी इथनंच गेला होता ना?"

चाचा एवढे खूश झाले की दाभण घेऊन बाहेर गेले. "वाल्मिक! हिला दिसला रं! पहिल्याच दिवशी!"

"सांगितलं नाय कोणी?"

"कोणी नाय! आपली आपण!"

मग आत येऊन मला समजावलं. "त्याला घर माहीत हाय. म्हणून तर भटकतो. घर माहीत नसलेला माणूस भटकत नाय, तो घाबरून एका जागी उभा राहतो."

दुकानाच्या मागंच त्यांचं घर होतं. तिकडनं हवाबीचाची चहा घेऊन आली. माझ्याकडं बघून बोलली, "अजून एक पोर बिघडवलं. तुझ्या आईला माहीत हाय काय तू इथं बसलीयस?"

"सीट करायला आलेय, चाची."

"सगळे सीट करायलाच येतात गं. मग सीट नवी असली तरी येतात."

खरंच तसं होतं. चाचांचा नियम होता, नव्या गिऱ्हाइकाने टेप मागायची नाय. माणूस काय काम करतो, कुठनं आलाय, किती वेळ झोपला नाय, ते बघून चाचा टेप ठरवणार. टेपांवर काय लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनीच नावं पाडली होती. माझी ती पियानोवाली म्हणजे पायऱ्या. भांडीवालीमध्ये ढोल काठीने नाय, कुंच्यासारख्या कशानेतरी वाजवतात, कोणतरी मोरीवर राखेने भांडी घासतंय असं वाटतं. वाल्मिककाका ढोलकीवाला, म्हणून तो त्याच दारातनं आत आला. दमेकऱ्याच्या टेपेत मोठा सॅक्सोफोन हाय, त्याच्या सुराआधी फुंकणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. ती लांबून गाडी मारून आलेल्या ड्रायव्हरला. घरात भांडून आलेल्याला 'नाक धरलेला'. त्यात तुतारीवाला नाक दाबून रडल्यासारखा वाजवतो. आणि एक होती 'रुसलेली बाई'. ती मला कधी लावली नाय.

"आधी संसार कर," चाचा बोलायचे, "मग ऐक. आत्ता तुला नुसती इंग्लिश बाई वाटेल."

"आणि संसार केलाच नाय तर?"

"तर म्हातारी झाल्यावर ऐक. तेव्हा पण चालते."

त्यांचं मूळ घर श्रीवर्धनकडचं. तिकडचे पोरगे मिसरूड फुटलं की बोटीवर जायचे, तसे हे पण गेले. बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचं जेवण करायचे. एका हिवाळ्यात बोट रॉटरडॅमला दुरुस्तीला लागली आणि लागलीच. बाहेर बर्फ, खाली उतरायला नीट कपडे नायत, आणि बटाट्यांची पोती तेवढी भरलेली. इंजिनात काम करणारा एक गोव्याचा माणूस उबेला भटारखान्यात येऊन बसायचा. त्याच्याकडं रेडिओ होता, टेप भरता येणारा. चाचांनी पहिल्यांदा त्याला सांगितलं, हे तुझं बंद कर, डोकं दुखतं. तो बोलला, "ऐकू नको. बटाटे सोल." चाचा बटाटे सोलत राहिले. पोतं संपायच्या आत कधीतरी सुरी त्या बाज्याबरोबर चालायला लागली.

"हात कामात असले की कान रिकामे होतात," चाचा मला सांगायचे. म्हणून त्यांनी कोणालाच नुसतं बसवून ऐकवलं नाय. मला सुतळीचा गुंडा द्यायचे सोडवायला. ड्रायव्हर लोकांना चुका, म्हणजे रेक्झीन ठोकायचे खिळे, निवडायला लावायचे. एवढाली मिशीवाली माणसं बाकड्यावर बसून बारीक खिळे निवडतायत आणि पुढं नाक धरलेला रडतोय. मला ते डोळ्यासमोर आलं की अजून हसू येतं.

टेपा भरल्या त्या सगळ्या रेडिओवरनंच. रेडिओवर वाजवणाऱ्याचं नाव सांगायचे, पण ते तिकडच्या भाषेत, आणि ती ह्या दोघांना पण येत नव्हती. म्हणून टेपांना नावं नव्हती. गोव्याचा माणूस बोट सोडून गेला तेव्हा अर्ध्या टेपा चाचांना देऊन गेला. परत कधी भेटला नाय. मी विचारलं, गोव्यात कुठल्या गावचा? चाचांनी दाताने दोरा तोडला. मग बोलले, "विचारलंच नाय गं. बोटीवर सगळे एकाच गावचे असतात ना."

पुढं लग्न झालं, तल्हा झाला, चाचीने सांगितलं, आता पाण्यावर जायचं नाय. मग मेव्हण्याकडं कुशनचं काम शिकले आणि कुंभिवलीला दुकान टाकलं. त्या दिवसांचं चाचा फार सांगायचे. सगळा हायवेच दारातनं जायचा, ट्रकची रांग लागायची, मोठा एक्स्प्रेस रस्ता झाल्यावर पण काही ड्रायव्हर मुद्दाम जुन्या रस्त्याने यायचे आणि लांबूनच ओरडायचे, "चाचा, दमेवाला लगाओ." मी ते बघितलं नाय. मी आले तेव्हा रेडिमेड सीटकव्हरं मोबाइलवर मागवायला लोकांनी सुरुवात केली होती, आणि दुकानात दिवसाला एखादं गिऱ्हाईक. पण ते एक पण नाक मुरडत बसायचं आणि पाय हलवत उठायचं. ते मी बघितलंय.

मला दुकानातनं उठायला नको वाटायचं, म्हणून चाचांनी भंगारातल्या ट्रकचा टेप माझ्या टेंपोत बसवून दिला आणि पायऱ्या माझ्याकडं दिली. "चाळीस वरसं झाली तिला. जपून." मी ती रोज वाजवायचे. कोंडाण्याला फार्महाऊसवर मंडप न्यायचा असला की त्या अरुंद रस्त्याला ती अशी बसायची की काय सांगू.

मग चाचा बोलायला लागले की टेपा खराब होतायत.

"भांडीवाली गेली. भांडी वाजतच नायत."

मला स्वच्छ ऐकू येत होती. मी वाल्मिककाकाकडं बघितलं, त्याने टायरमध्ये डोकं घातलं. चाचांनी टेपरेकॉर्डरचं हेड पुसायला घेतलं. पुसायचं स्पिरिट संपलेलं, म्हणून कापसाला हिना अत्तर लावलं. अत्तर तेलकट. टेप अजूनच घुमायला लागली आणि सगळ्या दुकानाला ईदचा वास.

चाची धावत आली. "माझी शिशी? मशीनला पाजली?"

"स्पिरिटच असतं त्यात."

"तुमच्या डोक्यात असतं स्पिरिट!"

आमी हसलो, पण तेवढ्यापुरतंच. मग चाचांनी पट्टा बदलला, वायर बदलली, लाइटीला शिव्या घातल्या. आमाला तिघांना पण कळलं होतं. सांगायचं कोणी? मी एरवी कोणाला काय पण तोंडावर बोलते, पण हे मला जमलं नाय. शेवटी चाचीनेच सांगितलं. जेवताना, सरळ. "टेपा नाय हो. तुमचे कान."

पनवेलला डॉक्टरकडं मीच घेऊन गेले. डॉक्टर चांगला होता, नीट समजावलं. बोटीत इंजिनाजवळ राहिलात, मग हायवेला हॉर्नमध्ये राहिलात. वरचे बारीक आवाज गेलेत, खालचे जाडे अजून बऱ्यापैकी हायत. कानात मशीन लावा, बोलणं ऐकू येईल. आलं. येताना टेंपोत मी बोललेलं सगळं त्यांना ऐकू आलं. मग मी पायऱ्या लावली.

थोड्या वेळाने चाचांनी स्वतः हात लांब करून बंद केली.

"पत्र्यावर खडी ओततायत," बोलले. "माणसांचं ऐकू येतं. ह्यांचं नाय."



त्याच्यानंतर दुकानात टेप वाजली नाय. गिऱ्हाईक आलं की किती, कुठला रंग, एवढंच. सीट व्हायची, गिऱ्हाईक जायचं. मी मुद्दाम जायचे, उगाच सुतळी सोडवत बसायचे. डब्याकडं बघायचे. एक दिवस डबाच नव्हता.

"डबा कुठाय?"

"दिला."

"कोणाला?"

चाचांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. ते बोलायचं नसलं की तसं करायचे.

नवरात्राच्या आधी मी खालापूरकडं सामान घेऊन चालले होते. भात पिकायला आलेलं. वाल्मिककाकाचं शेत रस्त्याला लागूनच हाय. बघते तर शेतावरनं, ह्या बांधाच्या काठीपासून त्या बांधाच्या काठीपर्यंत, काळ्या चकचकीत पट्ट्या ताणलेल्या. चिमण्या घाबराव्यात म्हणून लोक बांधतात, आमच्याकडं पूर्वीपासूनच हाय ते. जुन्या कॅसेटी सगळ्यांच्या घरात असतात. पण ह्या इतक्या? मी गाडी थांबवली. वाऱ्याने पट्ट्या थरथरत होत्या आणि गुंईईई असा आवाज येत होता.

वाल्मिककाका बांधावरच होता.

"काका, ह्या कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे?"

"वर बघून सांगा."

"त्यानेच दिल्या गं. डबा आणून टपरीवर आपटला. बोलला, तुझ्याकडं चिमण्या येतात ना, बांध. मी बोललो, कमालभाय, डोकं फिरलंय काय? तर बोलला, तू नाय बांधल्यास तर भंगारात घालतो."

"आणि तुमी बांधल्या."

"बांधल्या. निदान आपल्या शेतात तरी राहतील."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाय. त्याच्या भातापासून सुरू केलं आणि त्याच्या ढोलकीपर्यंत गेले. तो ऐकून घेत उभा राहिला. माझा दम संपल्यावर हाताने एक पट्टी दाखवली.

"ती भांडीवाली. ती मीच बांधली, दुसऱ्याला हात लावू दिला नाय. मला काय आनंद झाला वाटतं?" मग बांधावरचं ढेकूळ उचलून शेतात भिरकावलं. "आणि चिमण्या काय घाबरत नायत. येतात त्या येतातच."

मी परत कुंभिवलीला गेले ते चाचांना दोन शब्द सुनावायलाच. चाचा नव्हते. चाची मागच्या दारात मासे साफ करत बसलेली. मी सांगितलं, पट्ट्या बघितल्या. तिला माहीत होतं.

"जये, हा माणूस घरात बोलत नाय आता. मशीन काढून ठेवतो आणि भिंतीकडं बघतो. जेवला काय, तर मान. झोपला काय, तर मान." ती खवले काढत राहिली. "मला त्याचा बाजा कधी आवडला नाय. अजून आवडत नाय. पण दुकानात तो वाजत असला की हा माणूस कुठं हाय ते मला इकडं कळायचं. आता मागनं येऊन बघावं लागतं, हाय काय नाय."

मी सुनावायचं होतं ते विसरले.

पायऱ्या तेवढी राहिली होती, माझ्या टेंपोत होती म्हणून. पण तिचं करायचं काय? चाचांना पियानो ऐकूच येत नाय. दोन-तीन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. कर्जतला गोडाऊनमध्ये नवरात्राच्या साउंडचं सामान भरत होतो. साउंडवाल्याने मोठा बेसचा खोका चालू करून बघितला, आणि मी नेमकी त्यालाच पाठ टेकून उभी होते. आवाज कानात आलाच नाय. बरगडीत आला. मणक्यातनं खाली गेला. आणि मला डॉक्टरचं बोलणं आठवलं, खालचे अजून हायत.

साउंडवाल्याला बोलले, जुना एखादा छोटा बेस दे, काम हाय. बोलला, कशाला? बोलले, चाचांच्या बुडाखाली लावायचाय. त्याने दिला. असल्या गोष्टीला लोक नाय बोलत नायत, हसतात आणि देतात.

चाचा शिवायला बसायचे ते एक लाकडी खोकं होतं, वर गादी ठोकलेली. शुक्रवारी ते नमाजला गेले तसं आमी कामाला लागलो. वाल्मिककाकाने खोकं खोललं, आत बेस बसवला, फळी परत ठोकली. मी त्याच्याशी अजून बोलत नव्हते, तो पण बोलत नव्हता, नुसता हात पुढं केला की हातोडी द्यायची. चाचीने जुनी रजई फाडून दिली. मी काथ्या भरला, रेक्झीन लावलं, टाके घातले. इतकी वर्षं बघत होते, म्हणून वाटलं येतं. नाय येत. टेंपोतला टेप खोलून आणला, वायरी जोडल्या, पायऱ्या घातली.

चाचा आले. टोपी काढली, खुंटीला लावली, बसले. लगेच उठले.

"हे कोणी शिवलंय?"

"मी."

"गाढवाने शिवलं असतं तर टाके सरळ आले असते."

"बसा ना चाचा."

"ह्याच्यावर? उतार कुठल्या बाजूला दिलायस? माणूस घसरून हायवेवर जाईल."

"अहो बसा ना!" चाची ओरडली. ते बसले. वाल्मिककाकाने बटण दाबलं.

चाचांनी दाराकडं बघितलं. "कोणाचा ट्रक चालू हाय? बंद करायला सांगा."

बाहेर ट्रक नव्हता. त्यांनी मान काढून बघितलं. मग खाली बघितलं. मग आमच्या तिघांच्या तोंडाकडं. कानातलं मशीन काढलं, खिशात घातलं, आणि मला वाटलं संपलं, आता उठणार. पण त्यांनी दोन्ही तळवे फळीवर ठेवले.

मला पियानो ऐकू येत होता, जिन्यावरनं पळणारा. पण चाचांचं बोट त्याच्याबरोबर नव्हतं. बोट सावकाश पडत होतं, एकामागं एक.

"कोणतरी चालतंय," चाचा बोलले. मशीन नसलं की ते मोठ्याने बोलायचे. "मोठं घर हाय. अनवाणी चालतंय. ह्या खोलीतनं त्या खोलीत." परत ऐकलं. "कुठली टेप?"

मी त्यांच्यासमोर बसून तोंड मोठं करून बोलले, "पायऱ्या."

"खोटं. पायऱ्या मला पाठ हाय. हा त्यात नव्हता."

"होता चाचा. आमाला पण कधी दिसला नाय."

वाल्मिककाकाने हाताने दाखवलं, उभा मोठा तंबोऱ्यासारखा बाजा, बोटाने तार ओढतात तो. चाचांनी मान हलवली. त्यांचं तोंड कसंतरी झालं. रडतील असं वाटलं, पण ते चिडले होते.

"चाळीस वरसं हा माणूस माझ्या दुकानात चालत होता? आणि मी त्याला कधी बस पण बोललो नाय?"

"चाचा, पियानो?" मी बोटं हवेत नाचवून विचारलं.

त्यांनी थोडा वेळ शोधला. मग हात हलवला. "तो गेला. जाऊ दे. त्याला मी भरपूर ऐकलाय." आणि वाल्मिककाकाच्या मांडीवर थाप मारली. "अरे, मी लोकांना गच्चीवरनं आत घालत होतो रं! दरवाजा खाली होता!"

टेपेची एक बाजू संपेपर्यंत ते उठले नायत. वाल्मिककाकाने हळूच माझ्या पाठीत गुद्दा घातला, मी त्याला परत घातला, आमचं मिटलं. बाजू उलटली. चाचांनी अर्ध्यातच हात वर केला.

"उठा सगळे. हे फाडायला पायजे."

"का?" मी हाताने विचारलं.

"काथ्या आवाज खातो. इतका कशाला कोंबलास? इथं पातळ फोम, कडंला काथ्या. त्याला चालायला जागा नको?" कात्री घेऊन त्यांनी माझे सगळे टाके एका दमात उसवले. तोंडाने मला शिव्या चालू. "बंद करू नको! चालू दे! मी हाताने बघतो कुठं लागतंय ते." उघड्या फळीवर डावा हात आणि उजव्या हाताने फोम कापत होते. "आणि तू, मोबाइल कशाला बाळगतेस? ह्याच्यासारखे अजून असतील. शोध. मला ह्यातलं काय माहीत नाय, मला नवं गिऱ्हाईक समज."

"मला पण नावं माहीत नायत, चाचा." मी त्यांच्यासमोर वाकून मोठ्याने बोलले.

"मग ऐकून आण!"

मी मोबाइल काढला आणि बाकड्यावर खाली बसले. चाची कधीच आत गेली होती. मागनं तिची हाक आली, जेवायला चला. चाचांनी फोमवर खडूने रेघ मारली. परत हाक आली, भात निवतोय. वाल्मिककाकाने चाचांना खूण केली, तोंडाशी हात नेला. चाचांनी एक बोट वर केलं, थांब, तो दुसऱ्या खोलीत चाललाय. तिसऱ्यांदा चाची दारात येऊन उभी राहिली, कमरेला हात लावून, आणि त्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्याने ओरडायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं. आत जाऊन तिने भातावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.